मंडईतून युरोप: एका जोडप्याला किती पडतं?

५ लाख १७ हजार ५०० रुपये. पॅरिस तीन रात्री, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न तीन, फ्लॉरेन्स दोन आणि रोम तीन, अशा अकरा रात्रींची सहल दोन जोडप्यांनी मिळून स्वतः आखली, तर एका जोडप्याला एवढा खर्च येतो. खरेदी यात नाही. अडीअडचणीसाठी दहा टक्के वेगळे ठेवले की रक्कम पावणेसहा लाखांपर्यंत जाते.

मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता या टापूत दुकान सांभाळणाऱ्या मित्रमंडळींत ‘एकदा सगळे मिळून युरोप करू या’ हा विषय दरवर्षी निघतो आणि आकड्यापाशी येऊन अडतो. एकाचा मेहुणा दीड लाखात जाऊन आलेला असतो, दुसऱ्याच्या शेजाऱ्याला साडेचार लाख लागलेले असतात. दोघांचंही खरं असतं. कोणत्या महिन्यात गेलात, कोणत्या देशात किती रात्री राहिलात आणि किती शहरं पालथी घातलीत, यावरच ही तफावत ठरते, आणि या तिन्ही गोष्टी पुण्यात बसूनच ठरवायच्या असतात. तिकडे पोचल्यावर कॉफी न पिऊन फार काही वाचत नाही.

वरच्या आकड्याची फोड एका जोडप्यासाठी अशी. हिशोबात युरो ११० रुपये आणि स्विस फ्रँक १२० रुपये धरला आहे, म्हणजे बँकेचं कमिशन त्यातच आलं. हे अंदाज आहेत, तुम्ही जाल त्या दिवशीचे भाव लावून पाहा.

मुंबईहून जाण्यायेण्याचं विमान: १,३०,०००
व्हिसा: २४,०००
प्रवास विमा: ३,५००
राहणं, शहरकरासह: १,३८,०००
शहराशहरांमधली रेल्वे: ३७,५००
स्विस पास, तीन दिवसांचा: ६०,०००
शहरातला बस-मेट्रो प्रवास: १२,०००
पाहण्याची तिकिटं: ३८,५००
खाणंपिणं: ६६,०००
पुणे–मुंबई विमानतळ गाडी, दोन्ही वेळचा अर्धा वाटा: ५,०००
मोबाइल डेटा: ३,०००

या यादीत एक गोष्ट चटकन दिसत नाही. स्वित्झर्लंडच्या तीन रात्रींचं राहणं, पास, डोंगरावरच्या केबल कारचं तिकीट आणि जेवण वेगळं काढलं तर ते १ लाख ४० हजारांच्या घरात जातं. अकरांपैकी तीन रात्रींवर एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त पैसे जातात. बर्फ पाहायचाच असेल आणि टिटलिसवर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो काढायचाच असेल, तर बिनघोर द्या. ती हौस खोटी नाही. पण ‘डोंगर, तळं, हिरवळ’ एवढंच हवं असेल, तर त्या तीन रात्री ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला द्या. तिथून जर्मनीतलं बेर्ख्टेसगाडेन आणि क्योनिगसे हे तळं एका दिवसात होतं. जोडप्यामागे ऐंशी हजारांच्या आसपास वाचतात.

चौघांच्या गटाला त्या भागात आणखी एक सोय आहे. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात ‘बायर्न तिकीट’ नावाचं एक दिवसाचं तिकीट मिळतं. ते एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत चालतं, पहिल्या माणसानंतर प्रत्येकाची थोडीशीच भर पडते आणि पॅसेंजर गाड्यांनी ते थेट साल्झबुर्गपर्यंत पोचवतं. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच ते लागू होतं, शनिवार-रविवारी ही अट नाही. मात्र वेगवान आयसीई गाडीत याच तिकिटावर बसलात तर दंड भराल.

स्वित्झर्लंडच ठरलं असेल तर पासात काय येतं ते आधी वाचा. साधी रेल्वे, बस आणि तळ्यातल्या बोटी येतात. रिगीचा डोंगरही येतो. टिटलिसच्या तिकिटावर निम्मी सवलत मिळते. पण युंगफ्राउयोखला, म्हणजे ३,४५४ मीटरवरच्या त्या प्रसिद्ध स्टेशनला, पास पूर्ण चालत नाही. पायथ्यापर्यंतच चालतो आणि पुढच्या रेल्वेचे वेगळे पैसे पडतात. इंटरलाकेनहून जाऊन येण्याचं पूर्ण तिकीट उन्हाळ्यात दोनशे फ्रँकच्या वर जातं. दोघांचे पन्नास हजारांच्या आसपास एका दिवसात, आणि वर ढग असले तर समोर फक्त पांढरं. रिगी करा, टिटलिस करा आणि युंगफ्राउ पुढच्या वेळेला ठेवा, असं माझं मत आहे.

कधी जायचं

मे महिन्यात शाळांना सुट्टी, म्हणून सगळा महाराष्ट्र त्याच विमानात बसतो. दिवाळीच्या सुट्टीत तेच. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत, अशा जोडप्यांनी या दोन्ही वेळा टाळाव्यात. पेठांतल्या दुकानदारांसाठी सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे पितृपंधरवडा. विसर्जन मिरवणूक संपलेली असते, मंडळाच्या कामातून मोकळीक मिळते आणि कापड-सोन्याच्या दुकानांत घटस्थापनेपर्यंत शांतता असते. भाजीवाल्यांना मात्र हे जमणार नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकाला गवार, कारली, भोपळा, अळू लागतं, त्यामुळे गाळ्यावर उलट गर्दी असते. त्यांनी आंब्याचा हंगाम संपल्यावर जून अखेरीचा विचार करावा. तेव्हा तिकडे दिवस मोठा असतो, पण दरही चढे असतात.

२०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे, तर घटस्थापना ११ ऑक्टोबरला. मधले दोन आठवडे युरोपात पर्यटनाच्या दृष्टीने उतरते असतात. गर्दी ओसरलेली, हवा पुण्याच्या डिसेंबरसारखी आणि हॉटेलांचे दर ऑगस्टपेक्षा खाली. अपवाद म्युनिकचा. तिथला ऑक्टोबरफेस्ट १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आहे आणि त्या काळात म्युनिकमधल्या खोल्यांचे दर दुप्पट-तिप्पट होतात. त्या दिवसांत साल्झबुर्गला राहा, म्युनिकला राहू नका. ‘पितृपक्षात प्रवास करावा का’ याचा निर्णय घरच्या मोठ्यांना विचारून घ्या, मी त्यात पडत नाही. विमान कंपन्यांना पंचांग कळत नाही एवढं खरं.

पुण्याहून युरोपला थेट विमान नाही. म्हणजे मुंबई. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या टॅक्सीत मावत नाहीत, मोठी गाडीच सांगावी लागते. द्रुतगती मार्गाचा मोटारीचा टोल २०२३ पासून एका बाजूला ३२० रुपये आहे. तो भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हे गाडी ठरवतानाच विचारा. रात्रीच्या विमानासाठी दुपारीच निघा. घाटात अडकून विमान चुकणं हे पुणेकरांना नवीन नाही.

तिकीट काढताना जाणं पॅरिसला आणि येणं रोमहून, असं ‘मल्टी-सिटी’ काढा. जाऊन-येऊन एकाच शहराचं तिकीट दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसतं, पण परत त्या शहरात यायला एक दिवस आणि माणशी आठ-दहा हजार जातात.

व्हिसा आणि भिशी

शेंगेन व्हिसा एकच काढायचा, त्यावर २९ देश फिरता येतात. प्रौढाचं शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज केंद्राची फी त्यावर वेगळी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना काही नाही. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यात गोंधळ होतो. जिथे जास्तीत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे. आपल्या आखणीत इटलीच्या पाच रात्री आहेत, म्हणून विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज इटलीकडे. रात्री सारख्या असतील तरच पहिल्यांदा जिथे उतरणार तो देश धरतात. व्हीएफएसचं केंद्र पुण्यातही आहे, पण तुमच्या देशाचे अर्ज तिथे घेतात का, हे संकेतस्थळावर पाहूनच तारीख घ्या.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पासपोर्ट परतल्यानंतर किमान तीन महिने चालू असावा, गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. पासपोर्टच संपत आला असेल तर साध्या ३६ पानी पुस्तिकेला १,५०० रुपये पडतात, तत्काळला २,००० जास्त. विमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा हवा. हा विमा माणशी दीड-दोन हजारांत मिळतो. त्यात कंजूषपणा करून सामान हरवणं आणि सहल रद्द होणं ही कलमं वगळू नका.

आता भिशीचं. मंडईच्या परिसरात मोठ्या खर्चाची सोय अजूनही भिशीनेच होते. बारा जणांची महिना पन्नास हजारांची भिशी असेल तर ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते त्याच्या हाती सहा लाख येतात. युरोपचा खर्च निघाला. पण हे सहा लाख रोख मिळाले आणि अर्जाच्या आठ दिवस आधी बँकेत भरले, तर काउंटरच्या पलीकडे बसलेल्या माणसाला खात्यात एवढंच दिसतं की तीन महिने शिल्लक चाळीस हजार होती आणि अचानक सहा लाख आले. ‘भिशी’ हा खुलासा फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. अर्जाला तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. ते संथ आणि खरं दिसायला हवं. म्हणून भिशीचा हप्ता लवकरचा घ्या, अर्जाच्या किमान चार-पाच महिने आधी. आणि शक्य असेल तिथे पैसे खात्यातून खात्यातच फिरू द्या. बोली लावून घेतलेल्या भिशीत किती रक्कम सुटते तेही मोजा. त्या घटीचा वार्षिक दर काढला तर कित्येकदा बँकेचं कर्ज स्वस्त पडतं. ओळखीतली भिशी म्हणजे विश्वासाचा मामला. ती बुडाली तर दाद मागणं अवघड असतं.

दुकानदारांनी शॉप ॲक्टचा परवाना, जीएसटीचे कागद आणि दोन-तीन वर्षांचं आयकर विवरण जोडायचं. धंदा रोखीचा आणि विवरणात उत्पन्न किरकोळ, असं असेल तर पावणेसहा लाखांची सहल पटवून देता येत नाही. हे वकिली सल्ल्याचं प्रकरण नाही, साधा हिशोब आहे. नोकरदारांना रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या लागतात. ‘व्हिसासाठी खोटं बुकिंग काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. रद्द करता येणारं खरं हॉटेल बुकिंग फुकटात होतं, मग खोट्याची गरज काय?

मित्रांच्या गटात आणखी एक गोष्ट आधी बोलून घ्यावी लागते. अर्ज चार असतात आणि निकालही चार. तिघांना व्हिसा मिळाला, एकाला नाही, असं होतं. मग उरलेल्यांनी जायचं का? घराचं भाडं कोणी सोसायचं? हे तिकीट काढण्याआधी ठरलं नसेल तर सहलही जाते आणि मैत्रीही. ज्यांच्याकडे गेल्या तीन वर्षांत वापरलेले दोन शेंगेन व्हिसे आहेत, त्यांना एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी आलेल्या नियमानुसार दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. त्यामुळे पहिली सहल नियमानुसार पार पाडलीत तर पुढे फायदा आहे.

सीमेवर आता शिक्क्याऐवजी संगणकात नोंद होते. चेहऱ्याचा फोटो घेतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांची रांग लांबते. त्यामुळे उतरल्यावर दोन तासांत सुटणारी रेल्वे पकडण्याचा बेत ठेवू नका.

स्वतः की टूर कंपनीबरोबर?

केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या कंपन्यांनी मराठी माणसाला युरोप दाखवला हे मान्यच करायला हवं. पश्चिम युरोपच्या अकरा-बारा दिवसांच्या सहलीचे दर साधारण माणशी अडीच ते साडेतीन लाखांच्या पट्ट्यात असतात. त्यात विमान, व्हिसा, बस, रोजचं भारतीय जेवण आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर येतो. पुस्तिकेतल्या आकड्यावर पाच टक्के जीएसटी लागतो आणि तो परत मिळत नाही. टीसीएस हा दुसरा कर. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरण भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. त्याचे दर गेल्या काही वर्षांत सतत बदलले. परदेशी पॅकेजवर दहा लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे वीस, हा दर काढून २०२६ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट दोन टक्के केला. सात लाखांच्या पॅकेजवर म्हणजे १४,००० रुपये अडकतात आणि नंतर सुटतात. जीएसटीचे ३५,००० मात्र गेले ते गेले.

ऐच्छिक सहली, म्हणजे ‘ऑप्शनल’, आणि टिप यांची बेरीज आधी मागा. दोन कंपन्यांची तुलना करताना हॉटेल शहरात आहे की पंचवीस किलोमीटरवर हमरस्त्यालगत, हेही विचारा. संध्याकाळी सातला बस हॉटेलवर सोडते आणि आसपास पेट्रोल पंपाशिवाय काही नसतं, मग रात्रीचं पॅरिस पाहिलं कुठे?

आई-वडील बरोबर असतील, पथ्याचं जेवण लागत असेल किंवा चौघांपैकी एकालाही इंग्रजीत तिकीट मागण्याचा उत्साह नसेल, तर टूर कंपनी घ्या. पैसे थोडे जास्त जातील, पण डोकं शांत राहील. तिशी-पन्नाशीतल्या दोन-तीन जोडप्यांनी मात्र स्वतः आखावं. चार जण हा त्यासाठी उत्तम आकडा आहे. दोन खोल्यांचं घर परवडतं, टॅक्सी एकच लागते, जेवायला चौकोनी टेबल मिळतं. सहा जणांना प्रत्येक ठिकाणी थांबावं लागतं आणि एक जोडपं कायम उशिरा येतं.

पैसे कोणाचे, कसे

कॉलेजात असताना टीटीएमएम सोपं होतं, चहा-मिसळीचं बिल चार भागांत गेलं की संपलं. बारा दिवस रोज प्रत्येक कॉफीचे चार भाग केले तर चौथ्या दिवशी कंटाळा येतो आणि सातव्या दिवशी तोंडं फिरतात. उपाय जुनाच, सामायिक पाकीट. दर जोडप्याने सुरुवातीला तीनशे युरो द्यायचे, त्यातून किराणा, पाणी, बस-मेट्रो, लॉकर, टॅक्सी. संपले की पुन्हा सारखे घालायचे. खजिनदार एकच असावा, आणि तो सगळ्यात हौशी माणूस नको, सगळ्यात चिवट हवा. हॉटेलातलं मांसाहारी जेवण, वाइन, बिअर आणि खरेदी पाकिटाबाहेर. शाकाहारी जोडप्याने दुसऱ्यांच्या स्टेकचा अर्धा वाटा हसतमुखाने भरला तरी तो लक्षात राहतो.

मोठ्या बुकिंगचे पैसे मोबाइलमधल्या हिशोबाच्या ॲपवर नोंदवा आणि पुण्यात परतल्यावर एकदाच चुकते करा. त्या दिवशीचा भाव कोणता धरायचा, यावर वाद होतो. कार्डाच्या स्टेटमेंटवर आलेले रुपये धरा, वाद मिटतो.

परदेशात साधं क्रेडिट कार्ड वापरलं तर बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर जीएसटी लावतात. दोन लाख कार्डावर गेले तर आठ हजारांच्या आसपास फुकट. अधिभार नसलेलं किंवा कमी असलेलं कार्ड, नाहीतर युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड घ्या आणि जोडप्यामागे दोनशे युरो रोख ठेवा. तिकडच्या यंत्रावर ‘रुपयांत पैसे द्यायचे का’ असा प्रेमळ प्रश्न आला की युरोच निवडा. रुपयांचा पर्याय म्हणजे त्यांच्या मनमानी भावाला संमती. आयफेल टॉवरचं तिकीट २०२४ पासून यूपीआयने काढता येतं. त्यावर भरवसा ठेवून बाकी फ्रान्समध्ये क्यूआर शोधत फिरू नका.

चौघांनी बारा दिवस चोवीस तास बरोबर राहायचं बंधन घालून घेऊ नये. दर दोन दिवसांत एक दुपार जोडप्याजोडप्याने वेगळी ठेवा. ज्यांना संग्रहालय पाहायचं ते तिकडे, ज्यांना नुसतं बाकावर बसायचं ते तिकडे. याला खर्च शून्य आहे आणि सहल टिकवण्याचं याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

घर, स्वयंपाक आणि बॅगेत काय

दोन बेडरूमचं घर भाड्याने घेताना बाथरूम किती, लिफ्ट आहे का आणि पलंग दोन जणांचा आहे की सोफा उघडून केलेला, या तीन गोष्टी पाहा. पॅरिसच्या जुन्या इमारतींत चौथा मजला आणि लिफ्ट नाही, हे सर्रास असतं. तेवीस किलोची बॅग गोल जिन्याने चढवताना भाड्यात वाचलेले वीस युरो आठवतात. बहुतेक ठिकाणी घराचा ताबा दुपारी तीननंतर मिळतो, सामान ठेवायची सोय आधी विचारून ठेवा. इटलीत रोजचा शहरकर माणशी वेगळा घेतात, अनेकदा रोखीने.

सकाळचा नाश्ता आणि एक जेवण घरी केलं तर वरच्या यादीतले ६६,००० पुरतात. तिन्ही वेळा बाहेर खाल्लं तर दीड लाख धरा. तांदूळ, कांदे, बटाटे, दही, अंडी तिकडच्या लिडल, कारफुर, स्वित्झर्लंडमधल्या मिग्रो आणि कोऑपमध्ये मिळतात. इथून तांदूळ वाहून नेऊ नका. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात. पुण्यात दुपारी एक ते चार शटर पाहायची सवय असलेल्यांना याचं नवल वाटू नये.

युरोपीय संघात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाने बाहेरून आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, पनीर, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा. ताज्या फळभाज्यांना सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्याला फक्त पाच अपवाद आहेत: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे मंडईतून केळी नेता येतील, पण तिकडच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नाही आणि कढीपत्त्याची जुडीही नाही. शेंगदाण्याची, जवसाची, लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, भडंग, बाकरवडी, गोडा मसाला चालतो. लोणचं मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून.

भाड्याच्या घरांत शेगडी बहुधा इंडक्शनची असते. ॲल्युमिनियमचा नेहमीचा छोटा कुकर तिच्यावर तापत नाही. न्यायचाच तर इंडक्शनच्या तळाचा न्या. आणि फोडणी जपून द्या. मोहरी-मिरचीच्या धुराने छतावरचा भोंगा वाजतो, शेजारी बाहेर येतात आणि एखादा घरमालक दंडही लावतो. प्लगचं ॲडॉप्टर तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतं, विमानतळावर तेच तिप्पट. आपले बारीक दोन पिनांचे चार्जर तिकडच्या बहुतेक सॉकेटमध्ये तसेच बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. छत्री तुळशीबागेतून घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी.

मंडईच्या माणसाला फ्लॉरेन्सचं मेरकातो चेन्त्राले आवडेल. लोखंड आणि काचेची ती मंडई १८७४ ची, आपल्या १८८६ च्या रे मार्केटपेक्षा, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईपेक्षा, बारा वर्षांनी थोरली. खाली भाजी, मांस, चीज, वर खाण्याच्या टपऱ्या. वर चौघांनी चार वेगळ्या गोष्टी घेऊन वाटून खाल्ल्या तर हॉटेलच्या निम्म्यात पोट भरतं. एक जपा: फळं हाताने दाबून पाहू नका, विक्रेता निवडून देतो. भावही पाटीवर लिहिलेलाच. घासाघीस केलीत तर तो रागावणार नाही, पण त्याला कळणारही नाही.

इटलीत हॉटेलात बसलात की माणशी दीड-तीन युरो ‘कोपेर्तो’ बिलात येतो, ती फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर महाग. फ्रान्समध्ये जेवताना नळाच्या पाण्याचा कॅराफ मागा, तो फुकट असतो. रोममध्ये रस्तोरस्ती वाहणाऱ्या नळांचं पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्या.

तिकिटं

२०२६ पासून पॅरिसचं लूव्र युरोपबाहेरच्या पर्यटकांना ३२ युरोंना झालं आहे, आधी सगळ्यांना २२ होते. व्हर्सायनेही तसाच वेगळा दर आणला. लूव्र मंगळवारी बंद. चित्रांत रस नसलेल्यांनी मोनालिसाच्या गर्दीसाठी दोघांचे सात हजार घालवू नयेत, हे मी उघडपणे सांगतो. त्याऐवजी आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र-दाम पाहा, तिथे प्रवेश मोफत आहे. रोममध्ये संत पीटरचं चर्चही मोफत, व्हॅटिकन संग्रहालय ऑनलाइन काढल्यास २५ युरो, कोलोसियम १८. कोलोसियम, व्हॅटिकन आणि आयफेल यांची तिकिटं त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर काही आठवडे आधी काढा. उशीर झाला की दलालांकडे दुप्पट-तिप्पट द्यावे लागतात. रेल्वेचंही तेच. पॅरिस–बासेल किंवा फ्लॉरेन्स–रोम वेगवान गाडी तीन महिने आधी काढलेली आणि आदल्या दिवशी काढलेली, यात तिपटीचा फरक पडू शकतो. इटलीच्या स्थानिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठोकायला विसरू नका.

खरेदी करणार असाल तर फ्रान्समध्ये एका दुकानात शंभर युरोंच्या वर आणि इटलीत सत्तर युरोंच्या वर गेल्यास कराचा काही भाग परत मिळतो. बिल एकाच पासपोर्टवर करावं लागतं. युरोपीय संघ सोडताना शेवटच्या विमानतळावर शिक्का घ्यायचा असतो, म्हणून रोमला तासभर आधी पोचा. पॅरिसच्या मेट्रोत आणि रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर खिसेकापू आहेत, पाकीट मागच्या खिशात नको.

साडेतीन लाखांच्या आतला युरोप

पावणेसहा लाख झेपत नसतील तर सहल रद्द करू नका, दिशा बदला. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, दहा रात्री. प्राग–व्हिएन्ना आणि व्हिएन्ना–बुडापेस्ट रेल्वे लवकर काढली तर माणशी वीस-तीस युरोंत होते. चांगलं घर जोडप्यामागे रात्रीला साठ युरोंच्या आसपास मिळतं. विमान, व्हिसा, राहणं, खाणं, तिकिटं सगळं धरून एका जोडप्याला तीन लाख पाच हजार, दहा टक्के वर ठेवून ३ लाख ३५ हजार. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, मध्ये युरो, अशी तीन चलनं होतात, म्हणून तिथे रोख कमी आणि कार्ड जास्त वापरा. बुडापेस्टमधली १८९७ ची मोठी मंडई चुकवू नका.

पहिल्यांदाच जाणाऱ्या आणि आयफेल टॉवर पाहिल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवलेल्यांनी पॅरिस–साल्झबुर्ग–इटली करावं. ज्यांना मित्रांबरोबर निवांत फिरणं, खाणं आणि गप्पा हव्यात, त्यांना प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्टमध्ये पैशांचा जास्त मोबदला मिळतो. २०२६ च्या पितृपंधरवड्यात, २७ सप्टेंबरला निघायचं असेल, तर व्हिसाचा अर्ज २७ मार्चपासून करता येतो. अर्ज केंद्राच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा चौघांनी आधी पासपोर्ट तपासा, मग एकाच दिवसाच्या अपॉइंटमेंट घ्या.